दत्तक घेताना कोणाची संमती लागते आणि घरात काय बोलून घ्यावं: खान्देशातल्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. अनाथालयातून मूल घेण्याबद्दल विचारणारे कमी असतात. भावाचं, बहिणीचं, दिराचं मूल घरातल्या घरात घेण्याबद्दलच जास्त विचारलं जातं, आणि कोर्टापर्यंत जाणारी भांडणंही बहुतेक त्यातूनच निघतात. म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

भावाचा मुलगा लहानपणापासून आमच्याकडेच आहे. तो दत्तक झाला ना?

नाही. सांभाळणं वेगळं, दत्तक वेगळं. "आपलाच पोर शे, कागद कसाले?" असं म्हणत पंधरा वर्षं जातात. मग सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची वेळ आली की तलाठी दत्तकाचा कागद मागतो आणि तो नसतो. शाळेच्या दाखल्यावर काकाचं नाव बाप म्हणून लावलं असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण जन्मदाखला एक सांगतो आणि दाखला दुसरं.

उलट बाजूही आहे. आई-बाप ऊसतोडीला किंवा सुरतेला कामाला जातात आणि मूल शाळेसाठी मावशीकडे किंवा आजीकडे राहतं, अशा घरांना दत्तकाची गरजच नसते. शाळेला पालकाचं संमतीपत्र दिलं की बहुतेक काम भागतं. फार तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्व घ्यावं. दत्तकाने जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं कायमचं तुटतं. सोयीसाठी करायची ही गोष्ट नव्हे.

कायदे दोन आहेत म्हणतात. आपल्याला कोणता लागू होतो?

एक, १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू आहे. यात देणारे आणि घेणारे दोन्ही घरचे लोक समोरासमोर मूल देतात-घेतात, दत्तकपत्र करतात आणि ते नोंदवतात. कोर्टाचा आदेश सहसा लागत नाही. मूल देणारा आई-बाप नसून पालक असेल, तर मात्र कोर्टाची आधी परवानगी घ्यावी लागते.

दुसरा, २०१५ चा बाल न्याय कायदा. तो सर्व धर्मांना खुला आहे. संस्थेतलं मूल घ्यायचं तर याच मार्गाने जावं लागतं. नात्यातलं मूलही या कायद्याने घेता येतं, पण त्यातल्या 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या अरुंद आहे: मुलाचे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत काका किंवा आतेभाऊ त्यात बसत नाही. पहिल्या कायद्यात नात्याची अशी अट नाही.

मार्ग आधी ठरवा. कागद एका कायद्याचे आणि विधी दुसऱ्याचा, असं झालं की दोन्ही लटकतात.

दोघे भाऊ तयार आहेत. त्यांच्या सह्या पुरतील का?

पुरणार नाहीत. सगळ्यात जास्त दत्तकं इथेच फसतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर मूल देण्याचा हक्क आई आणि बाप दोघांना सारखा आहे, पण एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरता येत नाही. घेणाऱ्या घरातही तसंच आहे: नवऱ्याला बायकोची आणि बायकोला नवऱ्याची संमती हवी. सूट तीनच ठिकाणी मिळते: जोडीदाराने संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल, किंवा कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल. "ती माहेरी निघून गेली आहे" हे कारण या तिघांत बसत नाही. फारकत झालेली नसेल तर तिची संमती लागतेच.

म्हणजे चार माणसं आणि चार सह्या. बायको कार्यक्रमाला हजर होती, फोटोत दिसते, तिने विरोध केला नाही, एवढ्यावर संमती धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. मनातून तयार नसलेल्या भावजयीला चार वडीलधाऱ्यांत बसवून "सांग बरं, हो म्हण" म्हणणं घातक आहे. उद्या ती म्हणू शकते की मला विचारलंच नव्हतं, आणि कोर्ट तिचं ऐकेल. बाळंत होऊन महिनाही झाला नसेल तर हा विषय काढूच नये. देणाऱ्या आईशी तिच्या माहेरचं कोणीतरी एकटं बोललेलं बरं, सासरच्यांसमोर नव्हे.

दत्तकपत्रात नेमकं काय लिहायचं?

वकील तयार मसुदा देतात, तरी तो स्वतः वाचा. त्यात एवढं असायला हवं: चौघांची पूर्ण नावं, वयं आणि पत्ते, मुलाची जन्मतारीख, मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं ती तारीख, जागा आणि हजर माणसं, दोन्ही बायकांची संमती वेगळ्या वाक्यात, घेणाऱ्याला त्या वेळी काय अपत्य आहे किंवा नाही याचा स्पष्ट उल्लेख, आणि पैसे घेतले-दिलेले नाहीत हे विधान.

एक वाक्य मोडून दाखवतो, कारण मसुद्यांत ते वारंवार चुकतं ('लिहून घेणार' म्हणजे मूल दत्तक घेणारे). "सदर मुलास लिहून घेणार हे दत्तक घेणार आहेत" असं लिहिलं तर दत्तक अजून झालेलं नाही असा अर्थ निघतो. हवं ते असं: "दिनांक अमुक रोजी अमुक गावी आम्ही उभयतांनी सदर मूल लिहून घेणार उभयतांच्या ओटीत दिले व त्यांनी ते स्वीकारले." कायद्याला प्रत्यक्ष देणं-घेणं हवं असतं. होमहवन करा किंवा करू नका, त्याने दत्तक वैध-अवैध ठरत नाही. पण ओटीत घातल्याचे फोटो काढून ठेवा.

मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदवलेल्या आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या असलेल्या दत्तकपत्राबद्दल कोर्ट दत्तक कायदेशीर झालं असं गृहीत धरतं, आणि उलट सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर जातो. नोटरीच्या कागदाला हे बळ नाही. मुद्रांक किती लागेल ते त्याच कार्यालयात विचारून घ्या.

आम्हाला एक मुलगी आहे. मुलगा दत्तक घेता येईल का? आणि दोन मुलगे असताना मुलगी?

हिंदू कायद्याखाली दोन्ही चालतं. मुलगा घ्यायचा तर हयात मुलगा, नातू (मुलाचा मुलगा) किंवा पणतू नको. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. मुलगी असताना दुसरी मुलगी या कायद्याने घेता येत नाही. बाल न्याय कायद्याने घेता येते.

पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घेताना दोघांत किमान २१ वर्षांचं अंतर हवं. मुलाचं वय १५ पूर्ण झालेलं नसावं आणि लग्न झालेलं नसावं, तशी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या मुंबई इलाख्यातली, म्हणजे आपल्याकडची, मोठ्या वयाचा किंवा विवाहित मुलगा दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केली आहे. तरी वीस-बावीस वर्षांच्या पुतण्याला घेत असाल तर दत्तकपत्रात रूढीचा उल्लेख नक्की करा.

आम्ही पावरा आहोत. (हाच प्रश्न भिल्ल, कोकणा, मावची, तडवी घरांतूनही येतो.)

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर: सातपुड्याच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण तालुक्याला बसलेले लेखनिकही इथे चुकतात. अनुसूचित जमातींना १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच होतो. त्यामुळे त्या कायद्याची कलमं टाकून केलेलं दत्तकपत्र पुढे जमिनीच्या दाव्यात टिकेलच असं नाही.

मार्ग दोन उरतात. जमातीच्या रूढीप्रमाणे दत्तक घ्यायचं, पण मग रूढी सिद्ध करावी लागते: पंचांसमोर काय झालं, कोण हजर होतं, पूर्वी गावात असं कोणाकडे झालं, हे सांगणारी माणसं आणि लेखी पंचनामा ठेवावा लागतो. दुसरा मार्ग बाल न्याय कायद्याचा. त्यात धर्म-जमातीचा प्रश्न येत नाही आणि शेवटी आदेश हातात पडतो. आमचा सल्ला दुसऱ्या मार्गाचा आहे, वेळ जास्त लागला तरी.

जमातीचा दाखला मिळावा म्हणून बाहेरच्या मुलाचं दत्तक दाखवण्याचे प्रकार होतात. पडताळणी समिती जन्मदात्यांपर्यंत मागे जाते. त्या वाटेला जाऊ नका.

आम्ही मुसलमान आहोत. आमच्यात दत्तक चालत नाही असं सांगतात.

वैयक्तिक कायद्यात नाही, पण बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं सांगितलं आहे. ज्यांना श्रद्धेमुळे दत्तक नको त्यांनी पालकत्वाचा मार्ग घ्यावा. कायदा सक्ती करत नाही.

या संदर्भात आपल्या भागातलंच एक प्रकरण माहीत असलेलं बरं. घटस्फोटित, नोकरी करणाऱ्या एका महिलेने बहिणीची मुलगी दत्तक मागितली. भुसावळच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. कारण असं दिलं की नोकरीमुळे ती मुलीकडे पुरेसं लक्ष देऊ शकणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि दत्तकाला परवानगी दिली. एकल पालकाला कायदाच परवानगी देतो, मग नोकरी करते म्हणून नाकारता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. एकट्या महिलांनी या निकालाची प्रत वकिलाकडून मागून फाइलला लावावी. एकट्या पुरुषाला मात्र या कायद्याखाली मुलगी दत्तक घेता येत नाही.

नात्यातलं मूल बाल न्याय कायद्याने घ्यायचं तर पायऱ्या कोणत्या?

'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी. जन्मदात्या आई-बापांचं ठरावीक नमुन्यातलं संमतीपत्र. ते हयात नसतील तर पालकाला बाल कल्याण समितीची परवानगी. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती. नंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुटुंबाचा अहवाल तयार करतो आणि प्रकरण आदेशासाठी जातं.

आदेश कोण देतं, यावर गोंधळ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडे, गेला आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रलंबित प्रकरणं न्यायालयातून हलवू नयेत असा अंतरिम आदेश झाला. म्हणून अर्ज टाकण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा की सध्या प्रकरण कुठे दाखल होतं.

पाच वर्षांच्या मुलाची संमती? त्याला काय कळतं?

बरंच कळतं. आपण कुठे राहणार, आई कोण, शाळा बदलणार का, हे त्याला कळतं. त्याला शिकवून-पढवून नेऊ नका. समाजसेविका एकटीने बोलते तेव्हा पाठ केलेलं लगेच उघडं पडतं. "तुला आता काकूकडे राहायचं" एवढं सांगून उपयोग नाही. धाकटी बहीण इकडेच राहणार का, आई भेटणार का, हे प्रश्न ते विचारेल. उत्तर आधी मोठ्यांनी आपसांत ठरवावं.

संस्थेतून मूल घ्यायचं आहे. घरात कोणाकोणाला विचारतात?

नवरा-बायको दोघांची संमती लागते आणि लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत. घरात आधीचं मूल पाच वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याचंही संमतीपत्र लागतं. एकटं माणूस दत्तक घेत असेल तर त्याला काही झाल्यास मूल कोण सांभाळेल याचं नातेवाइकाचं हमीपत्र लागतं. सासू-सासऱ्यांची लेखी संमती कायदा मागत नाही. पण गृहभेटीला आलेली समाजसेविका त्यांच्याशी बोलते, आणि आजी तोंड फिरवून आत निघून गेली तर ते अहवालात उतरतं.

वयाचं गणित असं: दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, एकट्यासाठी ४०. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि ४५, चार ते आठसाठी १०० आणि ५०, आठ ते अठरासाठी ११० आणि ५५. मूल आणि पालक यांत किमान २५ वर्षांचं अंतर हवं. दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला फक्त विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूल घेता येतं. नात्यातल्या आणि सावत्र दत्तकाला ही अट नाही.

नोंदणीनंतर ३० दिवसांत कागद अपलोड करा. मॅरेज सर्टिफिकेट नसणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण. लग्नपत्रिकेवर भागवू नका, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आधी नोंदणी करून घ्या. गृहभेटीचं शुल्क ६,००० रुपये आहे आणि तो अहवाल तीन वर्षं चालतो. मुलाची माहिती पोर्टलवर आली की ४८ तासांत होकार राखून ठेवावा लागतो, म्हणून दिलेला मोबाइल नंबर मधेच बदलू नका. मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. लहान, निरोगी बाळ हवं असेल तर वाट वर्षांत मोजावी लागते, हे आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

दवाखान्यात एक बाई मूल देणार आहे, नर्स जमवून देते म्हणते. घ्यावं का?

नाही. पैसे देऊन मूल घेणं-देणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. दवाखान्याचा माणूस त्यात असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. मुलाच्या जन्मनोंदीत थेट तुमचं नाव लावून देतो असं कोणी म्हटलं तर तो खोटा दस्त आहे. १०९८ या चाइल्डलाइनच्या (मुलांच्या मदतीच्या) नंबरवर कळवा.

आमची मुलगी अविवाहित आहे आणि बाळ ठेवता येणार नाही. काय करायचं?

बाळ कुठेही सोडू नका आणि परस्पर कोणाला देऊ नका. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे बाळ सुपूर्द करता येतं. अविवाहित आईच्या बाळासाठी तिचीच सही लागते. ती स्वतः १८ च्या आत असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही होते, आणि पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं भाग असतं. विवाहित जोडप्याचं बाळ असेल तर दोघांच्या सह्या. समिती आधी समुपदेशन करते. सही केल्यावर ६० दिवस विचार बदलायला मिळतात. त्या मुदतीत आई परत आली तर बाळ तिला परत मिळतं. नाव गुप्त राहतं. मुलीचं मन बदललं तर तिला अडवू नका, हा हक्क तिचा आहे.

नवरा वारला आहे. मी एकटी दत्तक घेऊ शकते का? पेन्शन मिळेल का त्या मुलाला?

विधवेला दत्तक घेता येतं, कोणाचीही परवानगी लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. पेन्शनचं वेगळं आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायकोने घेतलेला दत्तक मुलगा केंद्रीय नागरी सेवा नियमांखाली कुटुंब निवृत्तिवेतनाला पात्र नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निकाल आहे. दुसऱ्या खात्यात नोकरी होती तर त्या खात्याचे नियम पाहा.

दुसरं लग्न केलं. पहिल्या नवऱ्याचं मूल आताच्या नवऱ्याच्या नावावर कसं होईल?

पहिला नवरा हयात असेल तर त्याची संमती लागते, तो खावटी देत नसला तरी. वारला असेल तर मृत्यूचा दाखला लावून आई देऊ शकते. नुसतं राजपत्रात आडनाव बदललं म्हणजे दत्तक झालं नाही.

जमिनीचं काय होतं?

दत्तकाच्या दिवसापासून मूल नव्या घरचं वारस होतं आणि जन्मघरचा वारसाहक्क संपतो. दत्तकाआधी त्याच्या नावावर आलेली मालमत्ता त्याचीच राहते. एकत्र कुटुंबाच्या वाटणी न झालेल्या जमिनीत जन्मघरचा हिस्सा राहतो का, यावरच तंटे होतात; केळीचा बागायत गट असेल तर हमखास. दत्तकाआधी फेरफार नोंदी वकिलाला दाखवा. दत्तक घेतल्याने आई-बापांचा स्वतःची मालमत्ता विकण्याचा किंवा मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही, हे दोन्ही घरांना स्पष्ट सांगा. "पोरगा दिला, म्हणजे वीस बिघे आलेच" या हिशेबाने दिलेलं मूल पुढे दोन्हीकडे उपरं होतं.

पटलं नाही तर मूल परत देता येतं का?

हिंदू कायद्याने झालेलं वैध दत्तक रद्द होत नाही. पुढे स्वतःला मुलगा झाला तरी नाही, आणि मुलालाही परत जन्मघरी वारस म्हणून जाता येत नाही.

जन्मदाते शेजारच्याच घरात आहेत. मुलाला सांगायचं कधी?

गाव आधी सांगणार आहे, हे धरूनच चाला. लग्नात एखादी आत्या "हा खरा अमक्याचा" असं बोलून जाते. म्हणून शाळेत जायच्या आधीपासून घरात साध्या शब्दांत सांगत राहावं: तुला काकूने जन्म दिला, आई-बाबा आम्ही. कोणाला काय म्हणून हाक मारायची ते चौघांनी ठरवून पाळावं. खर्च, शिक्षा, शाळा, लग्न यांचे निर्णय फक्त दत्तक आई-बाप घेतील. जन्मदात्यांनी मधे पडून "आमच्या पोराला मारलं" म्हणायचं नाही. हे लिहून घेण्याची गरज नाही, पण आजोबांच्या समोर बोलून घ्या, म्हणजे नंतर कोणी मी म्हटलंच नव्हतं असं म्हणणार नाही.

दत्तकानंतर कागद कोणत्या क्रमाने बदलायचे?

आधी जन्मदाखला, बाकी सगळं त्यानंतर. नोंदवलेलं दत्तकपत्र किंवा आदेश घेऊन जिथे जन्माची नोंद आहे त्याच निबंधकाकडे जा; बाळ जळगावला जन्मलं असेल तर धुळ्याला काम होणार नाही. नवा जन्मदाखला आला की आधार, मग रेशनकार्ड, मग शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेतली नोंद बदललेली असावी, कारण नंतर बोर्डाच्या प्रमाणपत्रावर दुरुस्ती करून घेणं फार किचकट आहे. मूळ दत्तकपत्राच्या तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. एक देणाऱ्या घरी राहू द्या.